ओंडक्यांच्या घराचा रंग दर दोन वर्षांनी सोलतोय? आधी पोपड्याची पाठ बघा

नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेला, ब्लू रिज डोंगरांत आमचं ओंडक्यांचं घर आहे. व्हाइट पाइनचे गोल ओंडके, मधल्या दरजा भरलेल्या, पुढे लाकडी ओसरी. २०१६ साली घेतलं तेव्हा ते पंचवीसेक वर्षांचं होतं. पुढच्या सात वर्षांत दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींना तीनदा स्टेन, म्हणजे लाकडाला द्यायचा रंग, दिला आणि तिन्ही वेळा दुसरा हिवाळा सरेपर्यंत पोपडे निघाले. उत्तरेची भिंत मात्र मूळ मालकाच्या रंगावरच शाबूत होती. फक्त तिच्या खालच्या दोन ओंडक्यांवर हिरवट-काळं किटण चढलं होतं.

पहिल्यांदा मी दुकानातून चकचकीत पारदर्शक फिनिश आणलं, कारण लाकडाचा सोनेरी रंग झाकावासा वाटेना. दुसऱ्यांदा एका कंत्राटदाराला काम दिलं. त्याने मोठ्या दाबाच्या पाण्याने भिंती धुतल्या, पोलादी तारेच्या ब्रशने घासल्या आणि दुसऱ्याच दिवशी रंग मारला. तिसऱ्यांदा सगळ्यांत महाग डबा आणून मीच जाड हाताने दोन थर दिले. तिन्ही वेळा मी एकच प्रश्न विचारत होतो, कुठला स्टेन चांगला? तो प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं ते हे, की रंग लाकडाला धरून का राहत नाही आणि पाणी येतंय कुठून. या दोन प्रश्नांची उत्तरं घरावरच लिहिलेली असतात. ती कशी वाचायची ते इथे सविस्तर लिहितोय, कारण या भागात आणि कोलोराडोकडेही अशी घरं घेतलेल्या आपल्या मंडळींकडून हीच तक्रार ऐकतोय.

पोपडा उलटा करा

सुटत आलेला एक पोपडा नखाने अलगद काढा, उलटा करा आणि उन्हात धरा. भिंग असेल तर फारच छान.

पाठीला करड्या रंगाचे बारीक तंतू चिकटलेले दिसले, कापसाच्या लवीसारखे, तर रंगाचा दोष नाही. रंगाने लाकूड धरलं होतं, लाकडानेच आपला वरचा थर सोडला. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारा जो पदार्थ असतो, लिग्निन, त्याला उन्हातले अतिनील किरण तोडतात. पाइनसारख्या लाकडात हा पदार्थ वजनाने साधारण पाव हिस्सा असतो. ऊन लिग्निन तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर उरतात सुटे, राखाडी तंतू. हा थर जेमतेम मिलिमीटरच्या दशांशाइतका जाड असतो, पण त्यावर दिलेला कुठलाही रंग म्हणजे धुळीवर चिकटवलेला कागद. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला १९१० पासून चालणारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. अमेरिकेत लाकडावरचं बरंचसं मूलभूत संशोधन तिथेच झालंय. त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की ताजं, उघडं लाकूड रंगण्याआधी नुसतं काही आठवडे उन्हात राहिलं तरी रंगाची पकड लक्षणीय घटते. काही आठवडे! आमच्या भिंती तर प्रत्येक वेळी वर्षभर उघड्या पडल्यानंतरच मी ब्रश हातात घेत होतो.

पोपड्याची पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर गोष्ट वेगळी. खाली आधीचा चकचकीत थर राहिलाय, किंवा साबण नीट धुतला गेला नाही, किंवा थर इतका जाड झाला की लाकूड फुगलं-आकसलं तेव्हा त्याला सोबत हलता आलं नाही. माझ्या तिसऱ्या प्रयत्नाचे बरेच पोपडे असे होते.

आणि तिसरा प्रकार सगळ्यांत काळजीचा. रंगाला आधी फोड येतो, फोड फुटला की खालचं लाकूड काळपट आणि हाताला गार लागतं. तिथे पाणी मागून येतंय. रंगाने ते अडवलेलं नाही, उलट आत कोंडलंय. असे फोड बहुतेकदा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, वर तोंड असलेल्या भेगांच्या खाली किंवा ओसरी जिथे भिंतीला टेकते तिथे येतात.

आमच्या दक्षिण भिंतीवर पहिला प्रकार होता, पश्चिमेच्या खिडकीखाली तिसरा. एकाच घरावर दोन वेगळे आजार, आणि मी दोन्हींना एकच औषध पाजत होतो.

ओल मोजल्याशिवाय डबा उघडू नका

दोन सुया टोचून लाकडातली ओल दाखवणारं मीटर इथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. सात वर्षं ते मी घेतलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. लाकडाचे तंतू साधारण ३० टक्क्यांना पाण्याने तुडुंब होतात. त्याच्या आसपास रेंगाळणाऱ्या लाकडात कुजवणारी बुरशी मूळ धरते. २० च्या खाली ठेवलं तर ती वाढत नाही. स्टेनच्या डब्यांवर बहुधा १५ ते १९ मधला एखादा आकडा दिलेला असतो, त्याच्या वर असेल तर रंग देऊ नका म्हणून.

आमच्याकडे उत्तरेची भिंत १४ होती. दक्षिण १२. पश्चिमेच्या खिडकीखाली २७. कोपऱ्यावर बाहेर आलेल्या ओंडक्यांच्या टोकांना मीटर ३० च्या वर गेलं. म्हणजे कंत्राटदाराने धुतलेल्या भिंतीवर दुसऱ्याच दिवशी रंग मारला तेव्हा काय आकडा असेल, याचा विचार करवत नाही. एकच जागा तीन-चार ठिकाणी टोचून बघा, आणि पाऊस पडून चार कोरडे दिवस गेल्यावर पुन्हा बघा. आकडा उतरला तर ओल वरवरची आहे. उतरला नाही तर पाण्याला कुठून तरी वाट आहे.

ती वाट शोधायला मी भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरलो. रत्नागिरीला आजोबा हेच करायचे. पहिल्या मोठ्या पावसात इरलं घेऊन घराला फेरी, कुठे गळतंय, कुठे झड लागतेय, पागोळ्या कुठे पडताहेत. मे महिन्यात आधी शाकारणी व्हायची, कौलं परतून झाली की झडीच्या बाजूला झापं बांधायची, आणि दारा-खांबांना तेलाचा हात सगळ्यांत शेवटी. क्रम ठरलेला. मी तो सातासमुद्रापलीकडे येऊन विसरलो होतो.

त्या फेरीत दिसलं ते असं. पश्चिमेची पन्हळ पानांनी तुंबून मधोमध ओसंडत होती आणि ते पाणी थेट त्या खिडकीच्या चौकटीवर. कोपऱ्यावरची ओंडक्यांची टोकं वळचणीच्या बाहेर वीतभर आलेली, त्यामुळे पागोळ्या त्यांच्यावरच पडत होत्या. आणि उत्तरेला जमीन भिंतीच्या इतकी जवळ चढलेली, की पडणारं पाणी मातीवर आपटून खालच्या ओंडक्यांवर उडत होतं. हिरवं-काळं किटण तिथलंच.

आमच्यापासून डोंगर ओलांडून टेनेसीत गेलं की ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये केड्स कोव्ह लागतं. तिथे जॉन ऑलिव्हरची झोपडी आहे, १८२० च्या दशकातली. तासलेले ओंडके, वर कसलाही रंग नाही, सगळं लाकूड चांदीसारखं करडं. तरी उभी आहे. घर दगडांवर उचललेलं, छप्पर भिंतीच्या बाहेर आलेलं, कोपऱ्याच्या खाचा अशा उतरत्या की पाणी साचत नाही. उघडं पाइन किंवा तत्सम लाकूड ऊनपावसाने झिजतं ते शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर. ऊन लाकडाला कुरूप करतं, पण घर पाडतं ते पाणी. हे कळल्यावर मी रंगाचं काम सहा महिने पुढे ढकललं आणि आधी पाण्याचं केलं. पन्हळ साफ करून तिचा उतार नीट केला. भिंतीलगतची माती काढून खालचा ओंडका जमिनीपासून दीड फूट वर येईल इतकी जागा केली आणि तिथे खडी पसरली. खिडकीच्या वर पत्र्याची पट्टी बसवली. बाहेर आलेली टोकं वळचणीच्या आत येतील अशी तिरकी कापून घेतली, वरची लांब, खालची थोडी आत. कापायला जीव धजत नव्हता, घराचं रूप त्यातच आहे असं वाटायचं. पण ओंडक्याचं कापलेलं टोक नळ्यांच्या जुडीसारखं पाणी ओढतं, आणि तिथून ते भिंतीत आत चढतं.

काळं ते सगळं बुरशी नसतं

साफसफाईच्या आधी एक छोटी परीक्षा. काळ्या डागावर घरातल्या ब्लीचचा एकच थेंब ठेवा. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला तर मळ, किंवा लोखंडाचा डाग. आमच्या भिंतीवर शेकडो बारीक काळे ठिपके होते, ते ब्लीचला अजिबात हलले नाहीत. कंत्राटदाराच्या पोलादी ब्रशचे कण लाकडात रुतून गंजले होते. ओंडक्यांना पोलादी ब्रश किंवा पोलादी काथ्या कधीही लावू नका, नायलॉनचा किंवा पितळी वापरा.

थेंबापुरतं ब्लीच ठीक, पण सगळी भिंत त्याने धुऊ नका. तंतू फुलतात, खिळे गंजतात. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेटची पूड मिळते. पाण्यात घातली की तिचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, बुरशीही जाते आणि मेलेले करडे तंतूही सुटतात. खालून वर लावायची म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, सुकू द्यायची नाही, आणि वरून खाली धुवायची. दाब कमी, झोत रुंद. जोराच्या झोताने लाकडाची मऊ वलयं कोरली जातात आणि पाणी दरजांच्या मागे घुसतं.

सोड्याने लाकूड काळपट दिसायला लागलं की घाबरू नका, ते क्षाराने होतं. वर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण दिलं की रंग उजळतो आणि लोखंडाचे ठिपकेही जातात. आमचे ठिपके दुसऱ्या हाताला गेले. पुन्हा भरपूर पाण्याने धुवायचं. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, हातमोजे आणि चश्मा हवाच, खालची झाडं आधी भिजवून झाकून ठेवायची. आणि ब्लीचचा हात जिथे फिरलाय तिथे ॲसिड लावू नका, क्लोरीन वायू सुटतो. हे मी ठळकपणे सांगतोय.

जिथे जाड थर चढलेत तिथे धुऊन भागत नाही. रसायनाने थर मऊ करून काढता येतो, ते बहुधा तीव्र क्षार असतं आणि त्यानंतर ऑक्झॅलिक ॲसिडचा हात सोडायचा नाही, नाहीतर नवा रंगही सोलतो. दुसरा मार्ग म्हणजे मक्याच्या कणसांच्या भरडीचा किंवा काचेच्या पुडीचा मारा. वाळूचा मारा पाइनला सोसत नाही. दक्षिण भिंतीवर आम्ही काचेचा मारा करून घेतला. त्यानंतर लाकडाला लव येते, ती ६० ते ८० नंबरच्या काचपेपरने उतरवायची. त्याहून बारीक पेपर नको. लाकूड फार गुळगुळीत झालं तर स्टेन आत शिरत नाही. घर १९७८ च्या आधीचं असेल तर घासण्यापूर्वी जुन्या रंगात शिसं आहे का, ते तपासून घ्या. लहान मुलं असतील तर ही पायरी कुठल्याही घाईत गाळू नका.

कुजलेलं ओळखणं

सोललेल्या भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, पोकळ झालेलं भद्द. शंका आली तिथे आरी टोचा. चार-पाच मिलिमीटरच्या पुढे सहज गेली तर आत कूज आहे. आमच्याकडे खिडकीखालचा एक ओंडका असा निघाला. दोन इंच आत गेल्यावर मगच टणक लाकूड लागलं. तो खरवडून, सुकवून, त्याच्या दर्शनी भागावर अर्धगोल नवा तुकडा बसवला. सुतार म्हणाला होता इपॉक्सी भरू. छोट्या खड्ड्याला ते ठीक, पण ओल्या लाकडावर इपॉक्सी म्हणजे ओलीला घरातच कुलूप.

उघड्या लाकडावर बोरेटचा हात इथे देतात. टाकणखाराच्याच कुळातला क्षार, इथे टिम-बोर नावाने पूड मिळते. बुरशीला, वाळवीला आणि लाकूड खाणाऱ्या किड्यांना तो मारक आहे. याची खुबी अशी की तो पाण्यातूनच लाकडात आत पसरतो, म्हणून किंचित दमट लाकडात खोल जातो. पण त्यामुळेच पाऊस त्याला बाहेरही काढतो. रंगावर दिला तर आत जातच नाही, आणि दिल्यानंतर वर रंग दिला नाही तर टिकत नाही. सुकल्यावर पांढरी साय राहिली तर ओल्या फडक्याने पुसून घ्या, तिच्यावरही रंग धरत नाही.

भुंग्यांचं वेगळं. आपल्याकडच्या लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचेच हे इथले भाऊबंद. वसंतात वळचणीखाली अर्ध्या इंचाचं अगदी गोल भोक दिसतं आणि खाली पिवळसर भुसा. भोक बुजवण्याआधी आत बोरेटची पूड फुंकायची. नाहीतर अळ्या आत राहतात, त्यांच्यासाठी सुतारपक्षी येतो आणि तो जे करतो ते भुंग्याला जमलं नसतं.

भेगा: कुठली भरायची, कुठली सोडायची

गोल ओंडक्याला भेग पडणारच. व्हाइट पाइन पूर्ण सुकताना वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आकसतं आणि गाभ्याकडच्या दिशेने फक्त २. ही ओढाताण भेगेतूनच सुटते. त्याने घर कमकुवत होत नाही.

वर तोंड असलेली भेग म्हणजे मात्र भिंतीला लावलेली वाटी. पाव इंचाहून रुंद आणि वर उघडणाऱ्या भेगाच तेवढ्या भरायच्या. खाली तोंड असलेल्या उघड्याच राहू द्यायच्या, आतलं पाणी त्यांतूनच बाहेर पडतं. मी पूर्वी सगळ्याच भेगा लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) बुजवल्या होत्या. ती पहिल्या उन्हाळ्यात एका बाजूने सुटली आणि पाण्याला आत जायला आयती फट झाली. आता आधी फोमची गोल दोरी आत दाबून बसवतो आणि वरून लवचिक सीलंट. दोरीमुळे सीलंट फक्त दोन कडांना चिकटतं, तळाला नाही, आणि ओंडका हलला की रबरासारखं ताणलं जातं. दरजांचंही तेच. ओंडक्यापासून केसभर सुटलेली दरज बोटाने दाबत शोधायची आणि तेवढीच नव्याने भरायची.

मग रंग

इतकं झाल्यावर रंगाचं काम चार दिवसांचं. पारदर्शक फिनिशचा मोह सोडा. अतिनील किरण अडवतं ते रंगद्रव्य, आणि पारदर्शकात ते नसतं. दक्षिण-पश्चिमेला मधाच्या रंगाहून गडद छटा घ्या. आम्ही लाकडात मुरणारा, वर पापुद्रा न धरणारा स्टेन निवडला. तो लवकर फिकट होतो हे खरं, पण सोलत नाही, आणि पुढच्या वेळी नुसतं धुऊन वर एक हात देता येतो.

लाकूड सोलल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पहिला हात पडेल असं नियोजन करा. एका वेळी एकच भिंत सोला. हवा १० ते ३२ अंशांच्या मधली, भिंत सावलीत. सूर्य पश्चिमेला असेल तेव्हा पूर्वेची रंगवा. संध्याकाळी दव पडण्याच्या दोन-तीन तास आधी थांबा. फवारला तरी मागोमाग ब्रशने घासून आत बसवा, आणि ओंडक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थांबू नका. दोन पातळ हात. टोकांना तीन-चार, पिईल तितका. तेलाच्या स्टेनने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

दर एप्रिलमध्ये मी पाण्याचा फवारा घेऊन फिरतो. पाण्याचे मणी झाले तर भिंत ठीक आहे. पाणी शोषून डाग गडद झाला तर तिथे वेळ झाली. पोपड्यांची वाट बघायची नाही.

काम २०२३ च्या उन्हाळ्यात झालं. दोन हिवाळे गेले. खिडकीखाली मीटर १५ दाखवतं, कापलेल्या टोकांना १७. दक्षिणेला छातीच्या उंचीवरच्या तीन ओंडक्यांवर या वेळी मणी झाले नाहीत, तिथे मेच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात धुऊन एक हात द्यायचाय. पन्हळ मात्र त्याआधी, झाडांचा मोहर गळून झाला की.